ते चौदा दिवस

नाना,

काल सुनंदा तुमच्या डायऱ्या घेऊन आली. खताच्या रिकाम्या गोणीत भरलेल्या आणि वरून सुतळीनं आवळलेल्या. गाठ इतकी घट्ट होती की शेवटी कात्री लावावी लागली. "नाना म्हणले होते, मॅडमकडे पोचव," एवढंच ती म्हणाली आणि पाणी प्यायली. तुमचा तेरावा होऊन चार दिवस झालेत आणि मी तुमच्यावर इतकी चिडले आहे की मला अजून धड रडूही आलेलं नाही. गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. पण तुम्ही असताना मला चिडू दिलं नाहीत, म्हणून आता चिडते.

सुनंदा तुमची सून व्हायच्या आधी माझी विद्यार्थिनी होती. बी.एस्सी.ला संख्याशास्त्र घेणाऱ्या मोजक्या मुलींपैकी एक. लग्न होऊन पिंपळगावला गेली आणि वर्षाच्या आत तुम्हालाच घेऊन कॉलेजात आली. धोतर, पांढरा सदरा, हातात पिशवी आणि पिशवीत डायऱ्या. औषधाच्या दुकानदारानं दिवाळीला वाटलेल्या त्या जाड डायऱ्या, पहिल्या पानावर देवीचं चित्र. त्यांत ऑक्टोबरच्या छाटणीपासून माल उतरेपर्यंत द्राक्षबागेचा रोजचा दिवस लिहिलेला होता. कुठलं औषध मारलं, घड कुठवर आला, पानामागं डाऊनीची पांढरी बुरशी दिसली की नाही. डाऊनीचं नाव तुम्ही घरातल्या वाईट पाहुण्याचं घ्यावं तसं घ्यायचात.

"मॅडम, कधी फवारायचं ते दुकानदार सांगतो," तुम्ही म्हणालात. "कधी फवारायचं नाय, ते कोनीच सांगत नाय. या वह्यांत आसंल तर काढून द्या."

इतका नेमका प्रश्न माझ्याकडे त्याआधी कुणी आणला नव्हता. मी वर्गात वर्षानुवर्षं बाहेरच्या पुस्तकांतले आकडे शिकवत होते, कुठल्याशा देशातल्या फुलांच्या पाकळ्या मोजत होते. नुकतीच पुण्याहून एका भाच्यानं सीडीवर संख्याशास्त्राची एक फुकटची प्रोग्रामिंगची भाषा आणून दिली होती. त्या भाषेत नोंदी घातल्या की ती स्वतःच प्रश्नांची उतरंड रचायची. पान ओलं आहे का, असेल तर पुढचा प्रश्न, नसेल तर दुसरा प्रश्न, असं करत शेवटी निर्णय. अशा उतरंडीला निर्णयाचं झाड म्हणतात. मला वाटलं, हे झाड तुमच्याच बागेसाठी केलंय.

तुम्ही गावातल्या आणखी चार जणांच्या डायऱ्या मिळवून दिल्यात. सकाळी पानं ओली होती की नाही ते कळावं म्हणून दवाची नोंद जवळच्या पॅकहाउसच्या वॉचमनच्या वहीतून घेतली, तो रोज पहाटे ती लिहायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आणि सुनंदा विभागातल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरसमोर बसून सगळं टाइप करत होतो. एका दुपारी सुनंदा म्हणाली, "मॅडम, मधली काही पानं कोरीच आहेत. तिथं रोगाच्या रकान्यात काय टाकू?" मी चहा घेत होते. कप खाली न ठेवताच म्हणाले, "काही लिहिलं नाही म्हणजे रोग नव्हता. शून्य टाक."

नाना, हे वाक्य मी कालपासून किती वेळा मनात म्हणून पाहिलं असेल. त्या भाषेत रिकाम्या जागेसाठी वेगळं चिन्ह आहे. माहीत नाही, एवढंच सांगणारं. शून्य वेगळं आणि माहीत नाही वेगळं, हे मी पहिल्या वर्षाच्या पोरांना पहिल्याच आठवड्यात शिकवते. स्वतःच्या वेळी मात्र चहा निवत होता.

झाड तयार झालं तेव्हा मी मोठ्या उत्साहानं तुम्हाला बोलावून घेतलं. पडद्यावरचं चित्र तुम्ही चष्मा वर-खाली करून बघितलंत. "हे कोनी उपटून उलटं ठेवलंय का? मुळं वर आन् पानं खाली." मी समजावलं, की वरून सुरुवात करायची, उत्तर होय असेल तर डावीकडे, नाही असेल तर उजवीकडे. "मंग हे झाड कशाचं, हे तर पाटाचं पानी हाय. दारं मोडत मोडत खाली जायाचं." हे इतकं बरोबर होतं की पुढं वर्गात मी तसंच शिकवू लागले, तुमचं नाव न घेता. फार वाढलेलं झाड आम्हीही छाटतो, असं सांगितलं तेव्हा तुमचा चेहरा खुलला होता. "खरड का गोडी? एप्रिलची छाटणी का आक्टोबरची?" तुम्ही विचारलंत आणि सुनंदा तोंडावर पदर धरून हसली.

भांडण सुरू झालं ते हे सगळं कागदावर कसं मांडायचं यावरून. भाषा नियम छापायची ते इंग्रजीत, चिन्हांत, एकाखाली एक सरकत गेलेल्या ओळींत. त्यात "साडेसात दिवसांपेक्षा जास्त" असं यायचं, कारण सात आणि आठ यांच्या बरोबर मध्ये तिनं रेघ मारलेली. "साडेसात म्हंजी दुपारच्याला फवारू का?" तुम्ही. मी ते सातहून जास्त असं केलं. चित्र नको, वाक्यं हवीत, म्हणालात. मी वाक्यं केली. वाक्यं मराठीत हवीत, म्हणालात. छापायला मराठी अक्षरं धड उमटत नव्हती, म्हणून मी ड्रॉइंगच्या कागदावर स्केचपेननं हातानं लिहायला घेतली. इथवर सगळं ठीक होतं. मग तुम्ही म्हणालात, "परत्येक वाक्याम्होरं लिवा, हे किती दिवसांवरून कळलं. आन् त्यातलं किती दिवस चुकलं."

मी नाही म्हटलं. का, ते आता प्रामाणिकपणे सांगते. मला कागद देखणा हवा होता. शेतकऱ्यांना आकड्यांत कशाला अडकवायचं, त्यांना सरळ होय किंवा नाही हवं, असं मी तुम्हाला ऐकवलं. प्रत्यक्ष शेतकरी समोर बसलेला असताना शेतकऱ्यांना काय हवं हे मी सांगत होते. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

त्या नियमांत एक नियम मला सगळ्यांत आवडायचा. सकाळी पानं ओली असतील, पण शेवटच्या फवारणीला सातहून जास्त दिवस झाले असतील, तर रोग नाही, फवारणी टाळा. अशा चौदा नोंदी होत्या आणि चौदाही दिवस रोग नव्हता. एकही चूक नाही. बाकी प्रत्येक नियमात थोडी भेसळ होती, हा एकटा लख्ख होता.

तुम्ही तो दोनदा वाचलात. मग कागद टेबलावर ठेवून म्हणालात, "मॅडम, पानं वली आन् फवारनी लांबली, तर रोग कमी? आसा बाग मी तरी नाय पाह्यला."

मी म्हणाले, "नाना, ज्यांची बाग निरोगी असते तेच फवारणी लांबवतात, म्हणून तसं दिसतं." हे मी तिथल्या तिथं जुळवलेलं होतं. शिकलेल्या माणसाला कुठल्याही गोष्टीचं कारण जुळवता येतं.

"हे चौदा दिवस कोनते?"

"कोणते म्हणजे? चौदा."

"तारखा सांगा ना. कोनाच्या डायरीतले, कोनत्या दिवसाचे?"

"कॉम्प्युटरला असं कोणते म्हणून विचारत नसतात, नाना."

खोटं बोलले मी. एका ओळीची आज्ञा होती. ते चौदा दिवस तारखांसकट पडद्यावर आले असते. पण सुनंदासमोर तुम्ही माझ्या लख्ख नियमावर बोट ठेवलंत आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मग तुम्ही म्हणालात, निदान तेवढा एक नियम खोडा. मी म्हणाले, झाड घ्यायचं तर पूर्ण घ्यायचं, मधलीच फांदी हातानं तोडायची नसते. "बरं," म्हणालात. मी कागदाला प्लॅस्टिकचं लॅमिनेशन करून दिलं आणि तुम्ही तो गुंडाळून, दोन रबरं लावून एस्टीनं घेऊन गेलात. पंपाच्या खोलीत लावतो, येता-जाता सगळे बघतील, असं म्हणालात.

त्या वर्षी डिसेंबरात मी तिसऱ्या वर्षाच्या मुलांना घेऊन तुमच्या बागेत आले. वाटेत बसमध्ये मी त्यांना काय काय सांगितलं होतं. आपलं शास्त्र शेताच्या बांधावर कसं पोचतं, वगैरे. पंपाच्या खोलीत कागद नव्हता. भिंतीला चार खिळे होते आणि एका खिळ्याला रिकामी प्लॅस्टिकची पिशवी. मुलं माझ्याकडे बघत होती. मी तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणालात, "उंदरानं खाल्ला."

लॅमिनेशन केलेला कागद, नाना.

मी जेवायला थांबले नाही. तुमच्या घरी पंचवीस जणांचा स्वयंपाक झाला होता, सुनंदा बसपर्यंत धावत आली, तरी मी थांबले नाही. तुम्ही बसमध्ये बेदाण्यांच्या दोन पेट्या चढवल्यात, त्या मी मुलांना वाटून टाकल्या आणि स्वतः एक दाणासुद्धा तोंडात घातला नाही. त्या दिवशी बागेच्या वरच्या तुकड्याकडे माझं लक्ष का गेलं नाही, हे मला आता कळत नाही. मुलांना तुम्ही खालच्याच तुकड्यात फिरवलंत. मला वाटलं, तो बरा दिसतो म्हणून.

त्यानंतर दोन हंगाम आपण बोललो नाही. खरं तर मी बोलले नाही. सुनंदा फोन करायची, मी कामात असायचे. मग एका मार्चमध्ये तुम्ही स्वतःच दारात उभे राहिलात, हातात द्राक्षांची पेटी. आत येऊन बसलात, माझ्या आईच्या गुडघ्याची चौकशी केलीत, कांद्याच्या भावावर बोललात, चहा दोनदा घेतलात. झाडाचा विषय तुम्ही काढला नाहीत आणि मीही. पुढची सगळी वर्षं तो आपल्या दोघांच्या मध्ये असाच बसून होता. माझ्या मनात पक्कं होतं, की माझी मेहनत तुम्ही कचऱ्यात टाकलीत आणि वर उंदराचं नाव घेतलंत.

यंदा दिवाळीनंतर नाशकात हॉस्पिटलात तुम्हाला भेटायला आले. तुमचा आवाज पार गेला होता. "ते झाड अजून हाय का कॉम्प्युटरमधी?" तुम्ही विचारलंत. मी म्हणाले, "कॉम्प्युटरच बदलला, नाना." पुढं बोलायचं त्राण नव्हतं तुमच्या अंगात, तरी तुम्ही म्हणालात, "नवीन डायऱ्या टाकून पहा येकदा." मी "बघू" म्हणाले. बघू. आपल्यातलं शेवटचं बोलणं हे.

काल सुनंदा गेल्यावर मी त्या वर्षाची डायरी काढली. मला फक्त बघायचं होतं, की कागद कधी काढलात. छाटणीपासून एकतिसाव्या दिवसाच्या पानावर तुमचं अक्षर आहे. "पानं ओली. फवारून आठ दिवस. मॅडमचा कागद म्हणतो नको. वरच्या तुकड्याला मारलं नाही. खालच्याला मारलं." त्याच्या चार दिवसांनी: "वरच्यात घडावर डाऊनी." मग दोन दिवसांनी: "वरचा तुकडा गेला. खालचा बरा. कागद काढला. आता कुणाला दाखवायचा नाही."

बास, एवढंच. पुढच्या पानावर पुन्हा औषधांची नावं.

एकच नियम, दोन तुकडे, एकावर लावायचा आणि दुसऱ्यावर नाही. ज्याला चाचणी म्हणतात ती ही. मी ती फळ्यावर शिकवते आणि तुम्ही ती स्वतःच्या पिकावर केलीत, गावातलं दुसरं कुणी त्या कागदावर विसंबण्याआधी. मी मात्र तो कागद लॅमिनेट करून मोकळी झाले होते. आणि मग महिन्याभरात मी पोरं घेऊन तुमच्या दारात येते, तुमच्यावर डाफरते, तुमचं अन्न टाकून जाते, आणि तुम्ही म्हणता उंदरानं खाल्ला. का नाही सांगितलंत, नाना? हात धरून वरच्या तुकड्यात न्यायचं होतं मला. पोरांसमोर न्यायचं होतं. त्यांना त्या दिवशी खरं काहीतरी शिकायला मिळालं असतं.

मी चिडून सुनंदालाच फोन लावला. ती म्हणाली, "मॅडम, मी सांगणार होते. पण नानांनी शपथ घातली. म्हणले, त्यांना सांगू नको, त्या परत कॉम्प्युटरला हात लावायच्या नाहीत. मग आपलं झाड कोन करनार?"

आपलं झाड, म्हणालात तुम्ही.

मग जे त्या दिवशी करायला हवं होतं ते आज सकाळी केलं. जुनी फाइल एका फ्लॉपीवर सापडली, फ्लॉपी चालणारा कॉम्प्युटर ग्रंथालयात सापडला. एका ओळीची आज्ञा दिली. चौदा दिवस एकाखाली एक आले. पहिल्याच तारखेला मी थबकले, कारण ती मला पाठ होती. त्या वर्षी त्या दिवशी आमच्याकडे लक्ष्मीपूजन होतं आणि आई घसरून पडली होती. दुसरी तारीखही दिवाळीची. तिसऱ्या तारखेला मी जुनी कॅलेंडरं शोधायला उठले. चौदापैकी बारा अमावस्या होत्या. उरलेले दोन लागोपाठचे होते, एकाच डायरीतले. सुनंदानं फोनवर सांगितलं, तेव्हा त्या डायरीवाल्यांच्या भावकीत मयत झाली होती.

अमावस्येला तुमच्याकडे औत धरत नाहीत, गड्यांना सुट्टी, पंप बाहेर निघत नाही, बागेत कुणी पाऊल टाकत नाही. मग डायरीत लिहिणार काय? पान कोरं. एरवी फार तर आठव्या दिवशी होणारी फवारणी मध्ये अमावस्या आली की पुढं ढकलली जायची, म्हणून सातहून मोठे खंड नेमके त्याच दिवशी पडायचे. आणि वॉचमनच्या वहीला अमावस्येची सुट्टी नव्हती, त्यामुळे दव तेवढं लिहिलेलं. म्हणजे माझा तो लख्ख नियम सांगत काय होता? ज्या दिवशी कुणी बागेत बघायला गेलंच नाही, त्या दिवशी कुणाला रोग दिसला नाही. चौदा वेळा, एकही चूक नाही.

तुम्हाला तारखा दाखवल्या असत्या तर तुम्ही एका मिनिटात सांगितलं असतंत. तुम्ही तेवढंच मागत होतात.

मला वाटलं, इथं संपलं. मग तुम्ही सांगितलेलं करायचं म्हणून त्यानंतरच्या वर्षांच्या डायऱ्या उघडल्या आणि कोरी पानं शोधू लागले. एकही सापडलं नाही. प्रत्येक अमावस्येच्या पानावर तुमची एक ओळ आहे. "आमुशा. बागेत जाऊन आलो. पंप नाही. रोग नाही." पुढच्या महिन्यात, "आमुशा. जाऊन आलो. खालच्या कोपऱ्यात दोन पानांवर डाऊनी." लक्ष्मीपूजनाच्या दिवशीसुद्धा. एका पानावर, "आमुशा. ताप आहे. तरी बघून आलो."

सुनंदाला पुन्हा फोन केला. ती आधी रडली, मग सांगितलं. वरचा तुकडा गेल्यावर तुम्ही तिला जवळ बसवून विचारलं होतंत, "कोऱ्या पानाला तुम्ही काय लिवलं?" ती म्हणाली, शून्य. पुढच्या अमावस्येला सकाळी वहाणा घातल्यात. घरातले सगळे आडवे आले, आज कुठं निघालात म्हणून. तुम्ही म्हणालात, "पंप धरीत नाय. निस्तं बघून येतो. मॅडमच्या वहीत भोक पडतं."

माझी चूक तुम्हाला सहा वर्षं माहीत होती. ती माझ्या तोंडावर मारण्याऐवजी तुम्ही दर महिन्याला चालत जाऊन ती बुजवत राहिलात आणि मी तुमचा राग धरून बसले. याला काय म्हणायचं ते मला कळत नाही. उपकार म्हणावं तर संताप येतो, आणि संतापावं तर समोर तुम्ही नाही. तुम्ही एकदा तरी ओरडायला हवं होतं माझ्यावर. मी ऐकलं नसतं कदाचित. पण ओरडायला हवं होतं.

आज दुपारी सुनंदा आली आणि आम्ही दोघी पुन्हा बसलो, तेव्हासारख्या. तुमच्या अमावस्या टाइप केल्या. जुनी कोरी पानं शून्यातून काढून "माहीत नाही" मध्ये टाकली. नवीन झाड आलं, ते जुन्याइतकं देखणं नाही. वाक्यं मी मराठीत लिहिली आणि प्रत्येकापुढं किती दिवसांवरून कळलं आणि त्यात किती चुकलं ते लिहिलं. मागच्या बाजूला सगळ्या तारखा लिहिल्या. लॅमिनेशन केलेलं नाही, कुणाला पेननं खोडायचं असेल तर खोडता यावं म्हणून. सुनंदा म्हणाली, पंपाच्या खोलीतले चार खिळे अजून तसेच आहेत.

शेवटी तुमची यंदाची डायरी राहिली. छाटणीपासून तेविसाव्या दिवसापर्यंत तुमचं अक्षर आहे, शेवटी शेवटी ओळीखाली उतरलेलं. चोविसाव्या दिवशी तुम्हाला हॉस्पिटलात आणलं. त्यापुढची सगळी पानं कोरी आहेत. सुनंदानं की-बोर्डवरचे हात उचलले आणि विचारलं, "मॅडम, यांचं काय टाकू?"

चहा समोर होता. मी कप खाली ठेवला आणि ती पानं एकेक करून शेवटपर्यंत उलटली.

"शून्य नको," मी म्हणाले. "बघायला कुणी गेलं नव्हतं, एवढंच लिही."